शोम्बर्ग केंद्र : संग्रह आणि वस्ती

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शोम्बर्ग केंद्राविषयी लिहिताना आर्तुरो आल्फोन्सो शोम्बर्ग ह्या संग्राहकापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. संस्थेला त्यांचे नाव असल्यामुळे ते स्वाभाविकच होय. परंतु तेवढ्याने संस्थेचा जन्म उलगडत नाही. शोम्बर्ग ह्यांचा संग्रह येण्यापूर्वी १३५ व्या रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालयाची एक साधी शाखा होती, आणि तिच्यापुढची अडचणही साधीच होती : पुस्तके वाचून वाचून झिजत होती.

ही शाखा १९०५ मध्ये उघडली. पुढील पंधरा वर्षांत भोवतालची वस्ती पालटली व हार्लेम हे कृष्णवर्णीयांचे नगर बनले. १९२० मध्ये अर्नेस्टीन रोझ ह्या गोऱ्या ग्रंथपाल शाखेच्या प्रमुख झाल्या; कॅथरीन लॅटिमर ह्या कृष्णवर्णीय ग्रंथपालांची नेमणूकही त्याच वर्षीची. आपल्या लोकांविषयीच्या ग्रंथांना मागणी एवढी वाढली की दुर्मिळ प्रती नाहीशा होण्याची भीती उत्पन्न झाली. १९२४ च्या अखेरीस रहिवाशांची सभा भरली आणि असे ग्रंथ देवघेवीतून काढून स्वतंत्र ठेवावेत, असे ठरले. मे १९२५ मध्ये ‘नीग्रो साहित्य, इतिहास व मुद्राचित्रे’ हा संदर्भ-विभाग सुरू झाला. (‘नीग्रो’ ही संज्ञा त्या काळी समाजाने स्वतःही स्वीकारलेली होती, येथे ती जुन्या नावांपुरतीच ठेवली आहे.) संस्कृती जतन करणाऱ्या संस्था लोकांच्या हातातील वस्तू काढून घेतात, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. येथे मात्र पुस्तक घरी नेण्याचा हक्क वस्तीनेच जाणूनबुजून सोडला. केंद्राच्या पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली ह्या निर्णयात आहे.

शोम्बर्ग १९२६ मध्ये आले, म्हणजे त्यांचे ग्रंथ आले. पोर्तो रिकोत १८७४ मध्ये जन्मलेले व १८९१ मध्ये न्यूयॉर्कला आलेले हे गृहस्थ एका बँकेच्या टपाल-विभागात नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात व पगारात ग्रंथ जमवीत. पाच हजारांवर पुस्तके, तीन हजार हस्तलिखिते व दोन हजार कोरीव चित्रे असा तो संग्रह कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलरला विकत घेऊन ग्रंथालयास दिला. शोम्बर्ग ह्यांची मातृभाषा स्पॅनिश. त्यामुळे त्यांची दृष्टी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांपुरती मर्यादित राहिली नाही. ग्रॅनाडाचा लॅटिन पंडित हुआन लातिनो आणि वेलास्केथचा एके काळचा गुलाम असलेला चित्रकार हुआन दे पारेहा हे दोघेही त्यांनी आपल्या इतिहासात ओढून आणले. काळ्या माणसाला इतिहास नाही असे म्हणणाऱ्यास दाखविण्याजोगे हे पुरावे होत. तथापि पुराव्याची ही रीत एकांगी आहे, हे नमूद केले पाहिजे. प्रतिपक्षास गप्प करण्यासाठी पंडित, चित्रकार, सेनानी हवेत. धुणे धुणारी बाई अशा वादात उपयोगी पडत नाही. ती सापडण्याचा संभव लॅटिमर ह्यांच्या फायलींत अधिक. नियतकालिकांतील कात्रणे कापून, विषयवार लावून ठेवण्याचे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. संग्राहकाच्या नावाची इमारत उभी राहिली; कात्री चालविणारीचे नाव जाणकारांपुरतेच उरले.

तरीही इमारत निव्वळ ग्रंथांची झाली नाही. १९४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन नीग्रो थिएटरचे प्रयोग ह्याच ग्रंथालयाच्या तळघरात होत. त्याच वर्षी संग्रहास शोम्बर्ग ह्यांचे नाव मिळाले. १९४८ पासून जीन ब्लॅकवेल हटसन ह्यांनी त्याची धुरा वाहिली. १९६२ मध्ये संग्रहाची सूची नऊ खंडांत छापून निघाली व दूरच्या अभ्यासकास घरबसल्या शोध घेणे शक्य झाले. १९७२ मध्ये संग्रह शाखांच्या व्यवस्थेतून निघून संशोधन-ग्रंथालयांत दाखल झाला. ‘कृष्णवर्णीय संस्कृतीच्या संशोधनाचे शोम्बर्ग केंद्र’ हे नाव तेव्हाचे. नव्या नावात ‘नीग्रो’ गेला ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात येते. ‘साहित्य’ आणि ‘इतिहास’ जाऊन त्यांच्या जागी ‘संशोधन’ आले, तिकडे लक्ष कमी जाते. पूर्वीच्या नावात वस्तू होत्या, नव्या नावात अभ्यासक आहे. १९८० मध्ये नवी वास्तू झाली. देवघेव मात्र बंद पडली नाही. पाठीमागच्या १३६ व्या रस्त्यावर, १९५१ पासून कवी काउन्टी कलन ह्यांचे नाव धारण करणाऱ्या शाखेत, ती चालूच राहिली. जतनाचे घर आणि वाचनाचे घर असे पाठीला पाठ लावून उभे आहेत. ही वाटणी उणिवेची म्हणण्यापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल.

शोम्बर्ग ह्यांच्या विशाल दृष्टीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. २०१३ मध्ये ह्या केंद्राने ‘भारतातील आफ्रिकी : गुलामांपासून सेनापती व राज्यकर्त्यांपर्यंत’ ह्या आशयाचे प्रदर्शन भरविले. मलिक अंबर व जंजिऱ्याचे सिद्दी त्यात होते. मराठी वाचकास ‘हबशी’ व ‘शिद्दी’ हे शब्द बखरींतून परिचयाचे. एक देशवाचक, दुसरा मूळचा आदरवाचक. हार्लेममध्ये ते ‘आफ्रिकी’ ह्या एका शब्दाखाली एकत्र आले, आणि एरवी निजामशाहीच्या किंवा मराठ्यांच्या इतिहासातील प्रकरण म्हणून वाचला जाणारा अंबर हुआन लातिनोच्या पंक्तीस बसला. हा लाभ खराच. परंतु शीर्षकाचा रोख पाहता शोम्बर्ग ह्यांची जुनी रीत येथेही कायम आहे : गुलाम, मग सेनापती, मग राजा. हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणारा, कोंकणी बोलणारा आणि दमाम वाजविणारा सिद्दी ह्या चढणीवर कोठे उभा राहणार? आफ्रिकी भाषा त्याच्यापाशी उरलेली नाही, सिंहासन कधी नव्हतेच. त्याच्यासाठी केंद्र काढावयाचे तर आरंभ लॅटिमर ह्यांच्या कात्रीसारख्या कामापासून करावा लागेल : गावोगावची लग्नगीते, शेतीचे शब्द, वृद्धांच्या आठवणी तारीखवार ध्वनिमुद्रित करणे, आणि प्रत्येक मुद्रणाची एक प्रत त्याच गावच्या शाळेत ठेवणे.