खाली नाव पु. लं.चे

‘पु. ल. म्हणतात’ अशा मथळ्याचे मजकूर हल्ली व्हॉट्सॲपवर वरचेवर येतात. त्यांतील एकात तर व्हॉट्सॲपचीच थट्टा होती. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी निवर्तले. व्हॉट्सॲप अवतरले 2009 साली.

तारखांचा पुरावा नसता तरी शैलीने हा बनाव उघडा पाडला असता. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला अंतू बर्वा कोणाला उपदेश करीत नाही, त्याच्या तिरकस बोलण्यामागचे एकाकीपण वाचकाला आपोआप जाणवते. या मजकुरांत मात्र प्रत्येक परिच्छेदाच्या शेपटीला बोध बांधलेला असतो.

पाठविणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, हे मान्य. परंतु सरकारी नोकरीत सही न पडताळता कागद पुढे सरकवला, तर जाब द्यावा लागे. येथे विचारणारा कोणी नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत याची झळ अधिक लागते. पुष्कळ नातवंडांपुढे येणारे छापील वळणाचे मराठी एवढेच. हेच पु. ल. असे समजून ती मूळ पुस्तकाला हातही लावणार नाहीत. तेव्हा नावाची खात्री नसेल तर मजकूर आपल्यापाशीच थांबवावा, आणि त्या वेळात नातवंडांना अंतू बर्वा वाचून दाखवावा.