‘होय’ म्हणण्यापूर्वी : संगणकाच्या परवानगी-चौकटीची चिकित्सा

घरातील वा शाळेतील विंडोज संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवू लागलो, की पडदा एकदम अंधुक होतो आणि मध्यभागी एक चौकट उमटते. ‘या प्रोग्रॅमला आपल्या संगणकात बदल करू द्यायचे का?’ अशा अर्थाचा प्रश्न तीत असतो. खाली दोन बटणे : होय आणि नाही. आपल्यापैकी बहुतेक जण मजकूर न वाचताच ‘होय’ दाबतात. हा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कितपत बरोबर आहे? त्याचे उत्तर देण्यासाठी ही चौकट कशासाठी आली, ती काय करते आणि काय करीत नाही, हे पाहिले पाहिजे.

चौकट का आली?

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील दोन तत्त्वे आपल्या विषयाशी निगडित आहेत. पहिले : प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत. दुसरे : संरक्षणाची योजना माणसाला सहज आणि सवयीने नीट वापरता येईल अशी असावी.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये यांतील पहिले तत्त्व घरगुती संगणकापुरते बाजूलाच राहिले. घरी संगणक सुरू करणाऱ्याला बहुधा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे, म्हणजे प्रशासकाचे, संपूर्ण अधिकार मिळत. त्याने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमलाही तेच अधिकार मिळत. खेळ असो की विषाणू, दोघांनाही सारखीच मोकळीक! प्रयोगशाळेतील आम्लांच्या कपाटाची किल्ली शिक्षकांनी वर्गात येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती द्यावी, तसाच हा प्रकार होता.

जानेवारी २००७ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने यावर उपाय योजला. प्रशासकाने संगणकात प्रवेश केला, की त्याच्या नावे दोन ओळखपत्रे तयार होतात : एक साध्या अधिकारांचे, दुसरे संपूर्ण अधिकारांचे. रोजची कामे पहिल्यावर चालतात. दुसरे लागले, तरच चौकट उमटते. किल्ली खणात राहते आणि कपाट उघडायचे असेल तेव्हाच बाहेर निघते.

एक छोटा प्रयोग

हे विद्यार्थ्यांना दाखविणे सोपे आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही आज्ञा टाइप करण्याची खिडकी नेहमीप्रमाणे उघडावी. ‘विंडोज’ या फोल्डरात जाऊन ‘एमडी’ या आज्ञेने ‘चाचणी’ नावाचा नवा फोल्डर करून पाहावा. ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ असे उत्तर येईल. आता त्याच कमांड प्रॉम्प्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. चौकट येईल, आणि होकार दिल्यावर उघडणाऱ्या खिडकीच्या माथ्यावर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द दिसेल. तीच आज्ञा येथे चालेल. (प्रयोग झाल्यावर तो फोल्डर काढून टाकावा.)

माणूस तोच, आज्ञा तीच, तरी उत्तर वेगळे. अधिकार माणसाबरोबर फिरत नाहीत. प्रत्येक खिडकीला ते ती उघडतानाच मिळतात. म्हणूनच पहिल्या खिडकीला मध्येच बढती देता येत नाही, दुसरी उघडावी लागते. पडदा अंधुक होण्यालाही कारण आहे. चौकट त्या वेळी वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर असते, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला आपल्या वतीने ‘होय’ दाबता येत नाही. एवढ्यापुरती ही रचना निःसंशय चांगली आहे.

दोष कोठे आहेत?

पहिला दोष अतिरेकाचा. व्हिस्टाच्या मूळ आवृत्तीत संरक्षित जागी साधा एक फोल्डर करायचा, तर चार वेळा विचारणा होई; २००८ च्या सुधारणेने ती एकावर आली. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण येथे लागू पडते. जो प्रश्न दिवसातून अनेकदा येतो आणि ज्याचे उत्तर दर वेळी ‘होय’च असते, तो प्रश्न राहत नाही, ती सवय बनते. २००८ मध्ये सान फ्रान्सिस्को येथील एका सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी तर मान्यच केले, की लोकांना त्रास व्हावा हाच हेतू होता. लोक वैतागतील, तक्रारी करतील आणि मग प्रोग्रॅम लिहिणारे विनाकारण संपूर्ण अधिकार मागणे थांबवतील, अशी अपेक्षा होती. ती काही अंशी खरीही ठरली. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना शिस्त लावताना वापरणाऱ्याला न वाचण्याची सवय लागली, ही किंमत मोठी आहे. सॉल्टझर-श्रोडर यांचे दुसरे तत्त्व येथे मोडले.

दुसरा दोष माहितीच्या अभावाचा. प्रोग्रॅमचे नाव आणि निर्मात्याचे नाव एवढेच प्रामुख्याने समोर येते. तो नेमके काय बदलणार, हे कळत नाही. निर्मात्याची स्वाक्षरी पटली, तर प्रोग्रॅम कोणी केला एवढेच सिद्ध होते, तो चांगला आहे हे नव्हे. उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती न देता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर विद्यार्थ्याला नापास करणे योग्य ठरेल काय?

तिसरा दोष गैरसमजाचा, आणि तोच सर्वांत घातक. ही चौकट संगणकाच्या कार्यप्रणालीचे रक्षण करते, आपल्या कागदपत्रांचे नव्हे. आपली पत्रे, मुलांच्या गुणांचे तक्ते, छायाचित्रे वाचायला किंवा पुसायला साधे अधिकारही पुरतात. फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम चौकट न दाखवताही हे काम करू शकतो. कार्यप्रणाली पुन्हा बसवता येते. वर्षभराचे गुण मात्र परत मिळत नाहीत. शिवाय प्रशासकाच्या खात्यावरील ही चौकट अभेद्य तटबंदी मानू नये, असे मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रसिनोविच यांनी २००७ मध्ये स्पष्ट केले होते.

मग काय करावे?

२००९ च्या विंडोज ७ ने विचारणा किती वेळा व्हावी हे ठरविण्यासाठी चार पायऱ्या दिल्या. वैतागून सर्वांत खालची पायरी निवडणे म्हणजे किल्ली पुन्हा कपाटालाच लावून ठेवणे होय. त्याऐवजी रोजच्या कामासाठी साधे खाते वेगळे काढावे. मग चौकट नुसता होकार न मागता प्रशासकाचा पासवर्ड मागते. तो टाइप करताना हात थांबतो आणि विचाराला वेळ मिळतो. शाळेत विद्यार्थ्यांसाठी साधेच खाते असावे आणि पासवर्ड एका जबाबदार शिक्षकाकडे राहावा. चौकट आपण काही सुरू केल्यामुळे आली की आपोआप, हे प्रथम पाहावे. आपोआप आली असेल, तर ‘नाही’ म्हणावे. गुणांच्या तक्त्यांची प्रत मात्र संगणकापासून अलग ठेवलेल्या साधनावर नियमित घ्यावी, कारण तेथे ही चौकट आपल्या मदतीला येणार नाही.

अधिकार मोजकेच द्यावेत, ही या चौकटीमागील कल्पना योग्य आहे. पण तिने संरक्षणाचा बराचसा भार अपुऱ्या माहितीनिशी उत्तर देणाऱ्या माणसावर टाकला. म्हणून न वाचता ‘होय’ दाबणाऱ्याला दोष देण्यापूर्वी तो प्रश्न कसा विचारला गेला, हे तपासले पाहिजे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.