मधल्या फळीचा माणूस: फॉर्च्युनातो फ्रँको आणि आपली मोजपट्टी

मित्रहो, लातुरात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. आपल्या मातीतला खेळ कबड्डी. म्हणून कबड्डीतलंच एक विचारतो. पकड करणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. पण साखळीतल्या दुसऱ्या गड्यानं वाट अडवली नसती, तर ती पकड झाली असती का? आजचा विषय एवढाच आहे.

फॉर्च्युनातो फ्रँको मूळचे गोव्यातल्या कोलवाळचे, जन्म 1937चा. मुंबईत ते टाटांच्या संघाकडून खेळले. 1960च्या रोम ऑलिंपिक चमूत ते होते, पण मैदानात उतरायला मिळालं नाही. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे हाफ-बॅक होते. आज आपण मिडफिल्डर म्हणतो. 1963-64चा संतोष करंडक महाराष्ट्रानं जिंकला, त्या संघातही ते होते. मे 2021 मध्ये ते गेले.

जकार्ताची गोष्ट आपण कशी सांगतो बघा. गटात दक्षिण कोरियाकडून 0-2 अशी हार, आणि 4 सप्टेंबर 1962 रोजी अंतिम सामन्यात त्याच कोरियावर 2-1 असा विजय. गोल कुणाचे? पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. सांगणारा इथंच थांबतो. 'मैदान' या 2024च्या चित्रपटानं प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना श्रेय दिलं, ते योग्यच झालं. पण माझी तक्रार राहतेच. जर्नेलसिंग मुळात बचावपटू. डोक्याला टाके असताना रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळवलं. आता, घराचा एक खांब पुढच्या ओसरीत नेला, तर मागचं छप्पर कुणीतरी तोलायला नको का? ते मधल्या आणि मागच्या फळीनं तोललं. धावफलकाला हे दिसत नाही.

न्यायदर्शनात सहकारी कारण म्हणतात. अंकुर बीजातून येतो, पण माती-पाण्यावाचून येत नाही. मी फ्रँकोंच्या बाबतीत एक पाऊल पुढे जाईन. माती काही ठरवत नाही. हाफ-बॅक ठरवतो: चेंडू कधी हिसकायचा, कुणाकडे द्यायचा, आणि दिल्यावर मागे कुठे धावायचं. ते निव्वळ साहाय्य नव्हे, ते कर्तृत्व आहे.

यावर कुणी म्हणेल, "सर, मग न दिसणारं प्रत्येक काम थोरच का?" नाही. कसोटी आहे. तो माणूस मनातल्या मनात काढून टाका आणि उरलेला संघ उभा राहतो का, ते बघा. राहत असेल, तर आपलं कौतुक फुकटचं.

त्याच 1962 सालचं दुसरं उदाहरण घ्या. सोव्हिएत संघाचा कर्णधार इगोर नेट्टो, हाही हाफ-बॅकच. देशासाठी 54 सामने, गोल फक्त 4. पण 1956चं ऑलिंपिक सुवर्ण आणि 1960चा युरोपीय करंडक त्याच्याच कर्णधारपदाखाली आले. चिलीतल्या विश्वचषकात उरुग्वेशी 1-1 अशी बरोबरी असताना चिस्लेंकोचा चेंडू बाजूच्या फाटक्या जाळीतून आत गेला. पंचांनी गोल दिला. नेट्टोनं पंचांना सांगितलं, हा गोल नाही. गोल रद्द झाला. पुढे इवानोव्हच्या गोलनं सामना 2-1 असा जिंकला, ही नंतरची गोष्ट. सांगताना नेट्टोला निकाल ठाऊक नव्हता. आपल्या मोजपट्टीवर या कृतीची किंमत किती? उणे एक!

हे मी लातुरात मुद्दाम सांगतोय. लातूर काय, नांदेड काय, निकाल लागला की चौकाचौकांत गुणवंतांचे फलक लागतात. लागू देत, त्या मुलांनी कष्ट केलेत. पण त्याच वर्गात कुणी स्वतःची वही दुसऱ्याला दिली, कुणी चुकून जास्त पडलेला गुण परत केला. त्याची नोंद कुठं आहे? मोजणं वाईट नाही. जे मोजता आलं नाही ते घडलंच नाही, असं समजणं वाईट. फ्रँको आपल्याला आठवत नाहीत, हा दोष त्यांच्या खेळाचा नाही, आपल्या पाहण्याचा आहे.

थांबतो. आता प्रश्न विचारा.