मालगुंडचे घर आणि केशवसुतांची कविता

साहित्यिकांच्या वास्तूंचे जतन हा विषय आपल्याकडे बहुधा समारंभांच्या वृत्तांतात येतो. समीक्षेत तो क्वचितच येतो. वस्तुतः कवीचे घर राखणे हेही त्याच्या काव्याचे एक प्रकारचे विवरणच होय. कवीच्या आयुष्यातील कोणता भाग महत्त्वाचा मानावा, हे ती वास्तू न बोलता सुचवीत असते. तेव्हा एखाद्या संपादित काव्यसंग्रहाला आपण जी कसोटी लावतो, ती स्मारकालाही लावणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत टिपणात मालगुंड येथील केशवसुत-स्मारकाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्यानजीक समुद्रकाठी वसलेले मालगुंड हे कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत (१८६६–१९०५) यांचे जन्मगाव. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ साली स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथील कौलारू जन्मघराचे जतन करून स्मारक उभारले व १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आवारात केशवसुतांच्या कविता कोरून लावल्या आहेत. जोडीला ग्रंथालय आहे आणि पुढील पिढ्यांतील मराठी कवींचा परिचय करून देणारे दालनही आहे. हे कार्य लेखक-वाचकांच्या संस्थेने अंगावर घेतले, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे.

अशा उपक्रमांचे परिचित उदाहरण म्हणजे वर्ड्स्वर्थचे ग्रासमीर येथील घर. तेही १८९० च्या सुमारास वाङ्मयप्रेमींनी वर्गणी जमवून घेतले. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. वर्ड्स्वर्थच्या उत्कृष्ट काव्याचा मोठा भाग त्या घरातच रचला गेला. केशवसुतांचे तसे नाही. मालगुंडशी त्यांचा संबंध बालपणाचा. पुढील आयुष्य शिक्षणासाठी व नोकरीसाठी बडोदे, नागपूर, पुणे, मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड असे भटकण्यात गेले आणि मृत्यू हुबळीस आला. मॅट्रिकची परीक्षा ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ मध्ये उत्तीर्ण झाले. त्यांच्या कवितांचा संग्रह त्यांच्या पश्चात प्रसिद्ध केला तो पुण्याच्याच हरिभाऊ आपट्यांनी. सारांश, ज्या कवितेमुळे हे घर जपण्याजोगे ठरले, ती कविता या घराबाहेर घडली.

यावरून घराचे महत्त्व कमी होते, असे मात्र नव्हे. ‘गोष्टी घराकडील’ या कवितेत मित्राशी बोलता बोलता कवी मनाने घरी पोचतो. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत तो जन्मभूमीकडून येणाऱ्या वाऱ्याशी हितगुज करतो. दोन्ही ठिकाणी काव्याला चेतना मिळते ती घर समोर नसल्यामुळे. घर येथे विरहाचा विषय म्हणून अवतरते. तेव्हा मालगुंडच्या घराकडे काव्याचे उगमस्थान म्हणून न पाहता कवी ज्याला अंतरला ते स्थान म्हणून पाहणे अधिक युक्त होय. केशवसुतांच्या कवितेची खूण पटविणारी गोष्ट त्या घराच्या भिंतींत शोधू गेल्यास सापडणार नाही. त्या घरापासून ते ज्या अंतरावर जगले, त्या अंतरात ती आहे. ‘नवा शिपाई’ या १८९८ मधील कवितेत तर घराच्या खुणा जगभर दिसू लागतात आणि जातिधर्माच्या मर्यादा गळून पडतात. या कवीला एका चौकटीत बसविणारे स्मारक त्याच्यावर अन्याय करील.

याहून अवघड आक्षेप ‘तुतारी’ (१८९३) या कवितेतून निघतो. जीर्ण झालेल्याची गय करू नये, असे ज्याने आवेशाने बजावले त्याचेच जीर्ण घर जपावे, हा विरोधाभास नव्हे काय? यावर उत्तर असे की, केशवसुतांचा रोख मृत रूढींवर होता, लाकूडमातीवर नव्हता. परंतु हे उत्तर तेव्हाच खरे ठरते, जेव्हा जतन केलेली वास्तू त्या रूढींचा विसर पडू देत नाही. जुन्या कोकणी ब्राह्मणी घराची रचनाच पाहावी. अंगण, ओटी, माजघर, देवघर हा क्रम नुसता सोयीचा नव्हता. कोणी कोठपर्यंत यावे, याचा तो अलिखित निर्बंध होता. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कवितेत सावलीच्या भयाने दूर हटविला गेलेला मुलगा आईला त्याचे कारण विचारतो. तो प्रश्न अशाच घरांच्या उंबरठ्यांना उद्देशून आहे.

येथे पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांच्या वाड्याचे स्मरण होते. जोतीरावांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेथे वास्तू स्वतःच बोलते, कारण कृती त्या वास्तूत घडली. मालगुंडला तसे नाही. तेथील घर आपल्या मालकाच्या मुलाने पुढे काय लिहिले ते स्वतः सांगू शकत नाही. ते काम कवितेलाच करावे लागते.

म्हणून परिषदेने घरासमवेत कविता, ग्रंथालय आणि उत्तरकालीन कवींचे दालन यांची योजना केली, यात खरे मर्म आहे. या योजनेमुळे घर देवघर होण्यापासून वाचले आहे. धोका उरतो तो पाहणाऱ्याच्या बाजूने. गणपतीपुळ्याची यात्रा आणि समुद्रस्नान यांच्या दरम्यान येणाऱ्या प्रवाशाला जुन्या घराचा गारवा सहज मोहवितो आणि कविता शोभेची होऊन बसते. स्मरणरंजन हा अशा वास्तूंना जडणारा रोगच होय, आणि त्यावर डागडुजीचा इलाज चालत नाही. केशवसुतांच्या सामाजिक कविता त्या अंगणात मोठ्याने वाचल्या जाव्यात आणि ऐकणाऱ्याला ओटीची पायरी चढताना किंचित संकोच वाटावा. कौले शाकारण्याइतकेच हेही जतनाचे काम आहे, आणि त्याचा भार एकट्या परिषदेवर टाकून चालणार नाही. काव्य शिकविणाऱ्या विद्यापीठीय विभागांचाही त्यात वाटा असला पाहिजे.