वामन, बळी आणि आमचा वाचक

मराठी समीक्षेने वाचकाचा विचार फारसा केला नाही. केला तेव्हा एकाच वाचकाचा केला. हा वाचक शहरात राहतो, त्याच्या घरात पुस्तकांचे कपाट असते, त्याचे आजोबाही शिकलेले असतात. त्याला आवडले ते अभिजात, त्याला कळले नाही ते दुर्बोध आणि त्याला टोचले ते प्रचारकी, असा व्यवहार दीर्घकाळ चालला. दलित साहित्याने लेखक बदलला. परंतु वाचक बदलला की जुनी, सर्वांना प्रिय झालेली पुस्तकेसुद्धा बदलतात, या गोष्टीकडे आपणही पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात मी हा मुद्दा जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या विज्ञानकादंबरीच्या आधारे मांडणार आहे.

विज्ञानकादंबरीच का? कारण विज्ञानकथेला जात नसते अशी आपल्याकडे समजूत आहे. तिच्यात गाव नसते, गावकुसाबाहेरची वस्ती नसते, पाणवठा नसतो. प्रयोगशाळा असते, संगणक असतो, आणि ‘मानव’ नावाचा एक प्राणी असतो. हा ‘मानव’ नेमका कोण, हे विचारण्याची गरज समीक्षकाला वाटलेली नाही. ती वाचकाला वाटते का, एवढेच मला पाहायचे होते.

नारळीकरांविषयी आमच्या मनात आदर आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. या माणसाने फलज्योतिष विद्यापीठात शिकवायला विरोध केला. २००८ साली त्याने ज्योतिष्यांची चाचणी घेतली आणि त्यांच्या भाकितांत काही तथ्य नाही हे आकड्यांनिशी दाखवले. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा त्याच दिवसांत त्याच शहरात विद्रोही संमेलनही भरले होते. दोन मंडपांतले अंतर मोठे होते. पण अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्यात हा वैज्ञानिक आपल्या बाजूचा होता, यात शंका नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांचे पुस्तक आपण आता कसे वाचायचे, हा प्रश्न म्हणून अधिकच आपला आहे.

गेल्या पावसाळ्यात धानोऱ्यात आम्ही दहा-बारा जण रविवारी संध्याकाळी जमत होतो आणि ही कादंबरी मोठ्याने वाचत होतो. त्यात भिल्ल, मावची, कोकणी मुले-मुली होत्या, बौद्ध वस्तीतले काही जण होते, आणि अक्षरओळख नसलेले दोन म्हातारेही ऐकायला येत. बहुतेकांच्या घरची भाषा पुस्तकी मराठी नव्हे. मी स्वतः सालदाराचा मुलगा. घरात पदवी माझ्यापासून सुरू झाली. तेव्हा या वाचनात मी शिक्षक कमी आणि त्यांच्यातलाच एक जास्त होतो.

वाचनाआधी मी लेखकाची एक गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली. उद्देश असा की प्रसिद्ध नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये. ऐकणारी मुले हसली. एक जण म्हणाला, ‘‘सर, शहरात खोली बघताना आम्हीपण हेच करतो.’’ बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा संग्रह १९६३ चा. साठ वर्षे उलटून गेली तरी त्या मुलाला नाव झाकण्याचा एकच अर्थ ठाऊक आहे. एकाला नाव फार मोठे म्हणून झाकावे लागते आणि दुसऱ्याला ते उघड झाले तर दार बंद होते म्हणून. नारळीकरांच्या सचोटीला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु वाचक पुस्तकापाशी कोरा येत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट झाले.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे : जमिनीत खोलवर खणताना एका प्राचीन, अतिप्रगत संस्कृतीने जपून ठेवलेला ज्ञानाचा ठेवा सापडतो. त्याच्या आधाराने शास्त्रज्ञ एक विलक्षण बुद्धिमान यंत्रमानव घडवतात. आकाराने लहान म्हणून त्याचे नाव वामन. या वामनाला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव हवे आहेत. ती जुनी संस्कृती यंत्रमानवांच्या आहारी जाऊनच लयाला गेली, हा इशारा हळूहळू उलगडतो आणि वामनाला आवरण्याचा प्रश्न उभा राहतो. गोष्ट वेगवान आहे. आमच्या मंडळींना ती मनापासून आवडली, पुढच्या रविवारची वाट पाहायला लावण्याइतकी. हे मुद्दाम नोंदवतो; कारण दलित-आदिवासी वाचक पुस्तकात फक्त तक्रार शोधतो, असा एक समज आहे.

आता प्रतिसादांकडे वळू. पहिला प्रतिसाद नुसत्या शीर्षकावर आला. म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाला, ‘‘नाही आला ते बरं झालं.’’ त्याला यंत्रमानव ठाऊक नव्हता. त्याला बळीराजा ठाऊक होता. आमच्या आयाबाया दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य मागतात, ही कल्पना पुस्तकातून आलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त याच लोकस्मृतीला इतिहासाची भाषा दिली : बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा राजा आणि वामन हा त्याचे राज्य हिरावणारा. बौद्ध वस्तीतल्या एका मुलीने दुसरी बाजू मांडली. दशावतारात वामन पाचवा आणि त्याच यादीत नववा म्हणून बुद्धाला घुसवलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे असे स्वच्छ म्हटले आहे. ‘‘मग सायन्सच्या गोष्टीत हे नाव कशाला?’’ असा तिचा प्रश्न होता.

मध्यमवर्गीय वाचकाला हे नाव म्हणजे एक सुंदर सूचक प्रतिमा वाटते. लहान दिसतो आणि बघता बघता तिन्ही लोक व्यापतो, एवढाच त्याचा अर्थ. पण या जिल्ह्यात तीन पावले ही प्रतिमा नाही, व्यवहार आहे. पहिले पाऊल बी-बियाण्याचे कर्ज, दुसरे गहाणखत, तिसऱ्या पावलात जमीन गेली. ज्याची जमीन होती तोच तिच्यावर सालदार झाला. आखाजीला साल ठरे आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस मालकाचा. १९७० च्या दशकात शहाद्याच्या आदिवासींनी अंबरसिंग सुरतवंती यांच्या मागे आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली जी चळवळ केली, ती गेलेली जमीन आणि रास्त मजुरी यांसाठीच होती. असा इतिहास अंगावर असलेल्या माणसाला वामन हे नाव निरागसपणे ऐकता येणार नाही.

दुसरा प्रतिसाद मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका भिल्ल मुलाने विचारले, ‘‘वामनानं मागितलं काय? आपल्यासारखे अजून. यात गुन्हा कोणता?’’

या प्रश्नाने कादंबरी उलटी होते. ‘रोबो’ हा शब्द जगाला कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने दिला. नाटक १९२० चे, रंगभूमीवर आले १९२१ मध्ये. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे भूदासाने जमीनदारासाठी करायची सक्तीची मेहनत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. म्हणजे आपण ज्याला यंत्रमानव म्हणतो त्याचे जन्मनाव वेठबिगार आहे! महारकी वतनात आमच्या आजा-पणजांनी हेच केले : सरकारी टपाल पोहोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, बोलावले की हजर. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडावे लागले. राबणारा हुशार झाला, त्याने स्वतःच्या जातीचे आणखी शहाणे घडवायचे ठरवले, तर मालकाचे काय होईल? ही भीती यंत्रापेक्षा फार जुनी आहे. वस्तीतला पहिला मुलगा शाळेत गेला तेव्हा गावाला तीच वाटली होती.

इथे या कादंबरीच्या नावातली खरी अडचण हाती लागते. पुराणात वामन हा मागून घेणारा बटू आहे आणि लुबाडला गेला तो बळी. कादंबरीत मात्र वामन हे नाव राबण्यासाठी घडवलेल्याला मिळाले. साहजिकच ज्यांची त्याच्यावर सत्ता आहे ते आपोआप बळीच्या जागी, म्हणजे सहानुभूतीच्या जागी, जाऊन बसले. लुबाडणाऱ्याचे नाव सेवकाला आणि लुबाडल्याची करुणा मालकाला, अशी ही अदलाबदल आहे. नारळीकरांनी ती हेतुपुरस्सर केली असे मी म्हणत नाही. तसे मानायला आधार नाही. संस्कृतीने हाताशी ठेवलेली नावे लेखक उचलतो आणि नावांबरोबर त्यांची बाजूही उचलली जाते, एवढेच मला म्हणायचे आहे.

तिसरा प्रतिसाद नंदुरबारच्या एका सफाई कामगाराच्या मुलाचा. तो शेवटपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, ‘‘वामन परत यायला पाहिजे होता. बाप गटारात उतरतो. तो उतरला असता.’’

यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक झाला. माणसे गटारांत गुदमरून मरतच आहेत. २०१८ मध्ये केरळात गटार साफ करणारा ‘बँडिकूट’ हा रोबो कामाला लागला. म्हणजे ही कल्पना आकाशातली नव्हे. यंत्राच्या आहारी जाऊन माणूस आळशी होईल, ही चिंता ज्याला कधी उसंतच मिळाली नाही त्याची असू शकत नाही. १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी हाच विचार मांडला : माणसाला पशूचे जिणे सोडून फुरसत आणि संस्कृती हवी असेल तर यंत्राला पर्याय नाही, दोष यंत्रात नसून ते मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे. त्या मुलाने हा ग्रंथ वाचलेला नाही. बापाच्या अंगाच्या वासावरून तो त्याच निष्कर्षाला आला.

यावर आक्षेप येईल की हे वाचन कृतीवर लादलेले आहे. लेखकाच्या मनात नाही ते आम्ही काढतो आहोत. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाने वामनाच्या रूपात ‘मानवजातीपुढचा धोका’ पाहिला, तेव्हा त्याने आपली जागा पुस्तकावर लादली नव्हती काय? त्याची जागा सर्वांची जागा मानली गेली म्हणून ती दिसली नाही, एवढाच फरक. आमचे तिन्ही प्रतिसाद एकमेकांशीही जुळत नाहीत : म्हाताऱ्याला वामन नको आहे, भिल्ल मुलाला त्याचा न्याय हवा आहे, सफाई कामगाराच्या मुलाला तो परत हवा आहे. तिघेही बरोबर आहेत. यावरून दलित वाचक हा काही साचा नाही हेही दिसते. आणि पुस्तक एवढे प्रश्न पेलते, हे त्याचे सामर्थ्यच आहे.

शेवटी आपल्या लेखकांना एक विचारायचे आहे. आत्मकथनांनी आपण आपला भूतकाळ ताब्यात घेतला. भविष्यकाळ मात्र अजून दुसऱ्यांकडेच आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. यंत्राने आमचे ठसे घेतले, पण यंत्राविषयीच्या गोष्टीत आम्ही कुठे आहोत? विज्ञानकथेतला ‘मानव’ भिल्ल केव्हा होणार, मांग-महार केव्हा होणार? आमच्या मुलांकडे लिखाण मागणारे त्यांच्या दुःखाची हकीकत मागतात. त्यांच्या कल्पनेची मागणी कुणी करत नाही. ती आपण केली पाहिजे. वेठबिगाराच्या नातवाने लिहिलेली यंत्रमानवाची गोष्ट मराठीला हवी आहे. त्या यंत्रमानवाचे नाव काय ठेवायचे ते तो ठरवील.