रीडिंग जुळवायचं कशाशी?

युकेतल्या शाळांमध्ये ए-लेव्हल केमिस्ट्री शिकताना एक प्रयोग हमखास भेटतो. दुकानातून घरगुती ब्लीचची बाटली आणायची आणि तिच्यात सोडियम हायपोक्लोराइट किती आहे ते टायट्रेशनने, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकी भाषेत अनुमापनाने, शोधायचं. तुमच्यापैकी जे इथेच शिकले त्यांनी कदाचित तो केला असेल. जे महाराष्ट्रातून बारावी करून आले त्यांनी त्याचा चुलतभाऊ केलाय, पोटॅशियम परमँगनेटवाला. आपण सिनेमाची समीक्षा करतो, पुस्तकाची करतो, मग प्रयोगाची का नको? प्रयोगालाही रचना असते, आणि तो न बोलता काही मूल्यं शिकवत असतो. माझं मत आधीच सांगतो: हा प्रयोग फार सुंदर आहे, पण त्याचा शेवट चुकीचा लिहिलाय.

आधी सौंदर्याबद्दल. १० घन सेंटिमीटर ब्लीच पिपेटने घेऊन पाण्याने २५० पर्यंत पातळ करतात. त्यातलं २५ फ्लास्कमध्ये घेऊन भरपूर पोटॅशियम आयोडाइड टाकायचं आणि मगच आम्ल. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या ब्लीचवर आम्ल ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. आयोडाइड आधी असेल तर हायपोक्लोराइट त्याचं आयोडीन करून टाकतं आणि रंगहीन द्रावण एकदम गडद तपकिरी होतं. आता ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट सोडायचं, आपल्या लॅबमधलं ‘हायपो’. तपकिरी रंग फिकट होत गवतासारखा पिवळा झाला की थोडा स्टार्च टाकायचा. द्रावण शाईसारखं निळं-काळं होतं, आणि मग एका थेंबात सगळा रंग गायब. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आधी दिसणारी करायची आणि मग मोजायची, ही युक्ती इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग शालेय रसायनशास्त्रात थोडेच आहेत.

यानंतर येतो शेवट. हातात आलेला आकडा बाटलीवरच्या आकड्याशी ताडून बघा, ‘टक्केवारीत चूक’ काढा आणि चुकीची कारणं लिहा. समजा बाटलीवर १०० मिलीलीटरमागे ५ ग्रॅम असं लिहिलंय. ते खरं असेल तर ०.१ मोलर थायोसल्फेट साधारण १३.४ घन सेंटिमीटर लागायला हवं. मुलीला लागलं १२.१, म्हणजे ४.५ ग्रॅम. ती मुकाट्याने ‘१० टक्के चूक’ लिहिते आणि खाली कारणं: ब्युरेट तिरकी वाचली असेल, शेवटचा थेंब चुकला असेल.

इथेच माझी हरकत आहे. नीट हाताळलेल्या पिपेट, फ्लास्क आणि ब्युरेटची अनिश्चितता सगळी मिळून दोनेक टक्क्यांच्या आत बसते. दोन रीडिंगं एकमेकांच्या ०.१ च्या आत आली असतील तर १० टक्क्यांची तफावत काचेच्या माथी मारता येत नाही. दुसरीकडे, ब्लीच हा पदार्थच असा आहे की त्याच्यावरचं लेबल फार काळ खरं राहू शकत नाही. हायपोक्लोराइट आपोआप क्लोराइड आणि क्लोरेटमध्ये मोडत जातं. उष्णता आणि उजेड मिळाला तर आणखी वेगाने. कारखान्यात खरा असलेला आकडा खिडकीत ठेवलेल्या बाटलीत काही महिन्यांनी खरा असेलच असं नाही. म्हणजे कदाचित मुलीचं रीडिंग बरोबर आहे आणि लेबल जुनं झालंय. प्रयोगाची मांडणी तिला ही शंका घ्यायची परवानगीच देत नाही.

बरं, लेबल तरी एकच गोष्ट सांगतं का? युरोपच्या डिटर्जंट नियमांतून आलेली पद्धत युकेतही चालू आहे, त्यामुळे कित्येक बाटल्यांवर ‘५ टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीनयुक्त ब्लीचिंग घटक’ एवढाच पट्टा दिलेला असतो. काहींवर १०० ग्रॅममागे किती ग्रॅम ते लिहितात, पण टायट्रेशन उत्तर देतं आकारमानामागे, आणि ब्लीच पाण्यापेक्षा थोडं जड असतं. शिवाय ‘हायपोक्लोराइट’ मोजायचं की ‘उपलब्ध क्लोरीन’, यावरूनही आकडा पाचेक टक्क्यांनी बदलतो. ज्याला आपण चूक म्हणतोय ती कधीकधी नुसती एककांची गफलत असते.

इतिहासात या मोजणीचा सूर अगदी वेगळा होता. १७५६ साली एडिंबराच्या फ्रान्सिस होमने कापड पांढरं करण्याच्या धंद्यावर पुस्तक लिहिलं. त्यात अल्कलीची ताकद मोजायला त्याने फेस थांबेपर्यंत चमच्याने नायट्रिक आम्ल घातलं आणि चमचे मोजले. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकने क्लोरीनची ताकद निळीच्या द्रावणाने मोजायची पद्धत पक्की केली. या सगळ्यामागे गिऱ्हाइकाचा साधा संशय होता: विकणारा सांगतोय तेवढा माल यात आहे का? टायट्रेशन हे संशय घेणाऱ्याचं हत्यार होतं. शाळेने ते उलटं करून विकणाऱ्याचा आकडा कसोटी केला आणि मोजणारीला आरोपी.

आणि कधीकधी या आकड्यावर जीव अवलंबून असायचा. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, लंडनमध्ये जन्मलेल्या हेन्री डेकिनने जखमा धुण्यासाठी हायपोक्लोराइटचं पातळ द्रावण सुचवलं. त्याची ताकद ०.४५ ते ०.५ टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात ठेवायची होती. जास्त झालं तर कातडी जळणार, कमी झालं तर जंतू मरणार नाहीत. म्हणून ते टायट्रेशन करूनच वापरायचं: आयोडाइड, ॲसेटिक आम्ल आणि थायोसल्फेट. म्हणजे आपल्या शाळेतलाच प्रयोग, फक्त इथे चुकीची किंमत जखमी सैनिक मोजणार.

त्याच काळात ब्रिटिश लष्कराच्या विल्यम हॉरॉक्सने पाणी शुद्ध करण्यासाठी एक पेटी तयार केली. सहा पांढरे कप, स्टार्च आणि आयोडाइडचं द्रावण, दोन ग्रॅमचा चमचा. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल त्याचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे चमचे. ४५५ लिटर म्हणजे शंभर इंग्रजी गॅलन, म्हणून हा विचित्र आकडा. ही पेटी भारतातल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात अजून शिकवतात. आपल्या गावाकडच्या विहिरीत टाकतात ती ‘टीसीएल’ म्हणजे ब्लीचिंग पावडरच. ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं, पण उघडं पोतं दमट हवेत राहिलं की ते घटत जातं. हॉरॉक्सची युक्ती अशी की पोत्यावर काय छापलंय याच्याशी तिला देणंघेणंच नाही. हीच पावडर आणि हेच पाणी घ्या, रंग बघा, चमचे ठरवा.

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. शिक्षक म्हणतील, नवशिक्याला कुठेतरी आधार हवा, नाहीतर आयोडीन उडून गेलं म्हणून कमी आलेलं रीडिंगही तो ‘ब्लीच जुनं झालंय’ म्हणून खपवेल. हे खरंय. वेळेचंही तसंच. इंग्लंडमध्ये २०१५ पासूनच्या अभ्यासक्रमात किमान बारा प्रयोग करायचे असतात, त्यांची नोंद ग्रेडपासून वेगळी होते, आणि लेखी परीक्षेत किमान १५ टक्के गुण प्रयोगकौशल्यावर असतात. अशा घाईत ठरलेलं उत्तर सोयीचं पडतं.

पण आधारच हवा असेल तर लेबलपेक्षा चांगला आधार त्याच कपाटात आहे: पोटॅशियम आयोडेट. त्याचं अचूक वजन करता येतं, ते बाटलीत बसून मोडत नाही, आणि आयोडाइड व आम्लाबरोबर ठरावीक आयोडीन देतं. त्याच हातांनी, त्याच थायोसल्फेटने आधी आयोडेट मोजायचं. ते बरोबर आलं तर पद्धत आणि मोजणारी दोघी निर्दोष, मग ब्लीचचा आकडा काहीही येवो. सप्टेंबरमध्ये मोजलेली बाटली झाकण लावून ठेवून मे महिन्यात पुन्हा मोजली तर वर्गाला एक खरा शोधही लागेल.

‘रीडिंग जुळवणं’ हा शब्दप्रयोग आपल्याकडच्या प्रत्येक सायन्सवाल्याला माहीत आहे. सरांना काय उत्तर हवंय ते आधी काढायचं आणि मग ब्युरेट वाचायची. इथलं लेबलशी ताडणं त्याचंच सभ्य रूप आहे. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडी करताना फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर असता. पुढच्या वेळी कुणी वही पुढे करून “माझं उत्तर बरोबर आलं का?” असं विचारलं, तर बाटलीकडे बघू नका. आयोडेटचं रीडिंग किती आलं होतं, ते विचारा.