कांटने आपलेच पुस्तक पुन्हा लिहिले तेव्हा

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की लेखकाने स्वतःचं लिखाण सुधारत बसावं ते कुठवर? तेव्हा आम्ही थातुरमातुर उत्तर देऊन सुटलो. आज नीट पाहू, आणि उदाहरण आमच्याच गल्लीतलं घेऊ, कांटचं.

‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ 1781 साली निघाला. बारा वर्षांचं चिंतन, पण कागदावर उतरवलं चार-पाच महिन्यांत, असं कांटनेच मेंडेल्सोनला कळवलं होतं. आशयाकडे लक्ष दिलं, वाचकाच्या सोयीकडे फारसं दिलं नाही, हीही कबुली त्या पत्रात आहे. पुढच्याच वर्षी ग्यॉटिंगेनच्या नियतकालिकात निनावी परीक्षण आलं आणि त्याने कांटला थेट बर्कलीच्या पंगतीला बसवलं. कांट भडकला. 1783च्या ‘प्रोलेगोमेना’त त्याने परीक्षकाची चांगली हजेरी घेतली. मग 1787 मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती.

तिच्या प्रस्तावनेत म्हातारा काय म्हणतो? (चौसष्टावं लागलं होतं, आमच्या मानाने पोरच!) सिद्धांतांत आणि त्यांच्या सिद्धतेत बदलण्याजोगं काही सापडलं नाही, सुधारली ती मांडणी. खरी भर एकच, चिद्वादाचं नवं खंडन.

आता दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा बरं. कॅटेगरीजचं समर्थन हे त्या ग्रंथाचं काळीज, आणि तेच मुळापासून नव्याने लिहिलंय. पहिल्या आवृत्तीत अनुभवाचे मूळ स्रोत तीन होते: इंद्रियसंवेदना, कल्पनाशक्ती आणि आत्मभान. दुसरीत तो परिच्छेदच नाही. कल्पनाशक्ती आहे, पण आता ती आकलनशक्तीच्या हाताखाली; आकलनाचा संवेदनेवर होणारा परिणाम एवढंच तिचं स्थान. घरातली मोठी सून एकदम पाहुणी व्हावी, तसं. याला नुसती मांडणी कसं म्हणायचं? वाक्य बदललं की विचार हलतोच, आणि हे लेखकाला स्वतःला सर्वांत उशिरा कळतं.

शोपेनहाउअरला या बदलात म्हातारपणची भीती दिसली. 1838 मध्ये रोझेनक्रान्त्सने पहिल्या आवृत्तीचा मजकूर छापला तो त्याच्याच आग्रहावरून. हायडेगरनेही 1929 मध्ये लिहिलं की कल्पनाशक्तीचं खोल पाणी पाहून कांट मागे सरला. आम्हांला भित्रेपणाचा आरोप पटत नाही. नवं समर्थन जास्त बांधेसूद आहे आणि पहिल्यातला मानसशास्त्राचा वास त्यात बराच कमी झालाय. पण ते परीक्षकाकडे एक डोळा ठेवून लिहिलेलं आहे, हे मात्र जाणवतं.

हे आम्ही अनुभवाने बोलतो. आमच्या प्रबंधातल्या एका प्रकरणावर परीक्षकांनी बोचरा शेरा मारला होता. पुस्तक करताना आम्ही ते प्रकरण इतकं सांभाळून लिहिलं की बोट ठेवायला जागाच उरली नाही. काही वर्षांनी एका विद्यार्थिनीने ग्रंथालयातला टंकलिखित प्रबंध वाचला आणि विचारलं, “सर, इथे तुम्हांला जो प्रश्न पडलाय, तो पुस्तकात कुठे गेला?” आम्ही चहा मागवला. दुसरं काय करणार!

कांटने एक गोष्ट मात्र मोठ्या मनाने केली. नव्या आवृत्तीत काही गाळावं लागलंय, वाचकाचं थोडं नुकसान आहे, हवं त्याने पहिली आवृत्ती ताडून पाहावी, असं त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकलं. जुना खर्डा चुलीत घालणाऱ्या लेखकांनी हे वाचायला हवं. आज प्रत्येक चांगल्या आवृत्तीच्या समासात ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन्ही पृष्ठांक असतात, ते उगीच नाही.

जाता जाता एक छोटी गोष्ट. कल्पनाशक्ती हे आत्म्याचं एक आंधळं पण अटळ कार्य आहे, अशा अर्थाचं एक वाक्य पहिल्या आवृत्तीत आहे. कांटने स्वतःजवळच्या प्रतीत तिथे ‘आत्म्याचं’ऐवजी ‘आकलनशक्तीचं’ असा बदल केला होता. नव्या समर्थनाशी जुळणारा, अगदी तर्कशुद्ध बदल. पण 1787ची आवृत्ती उघडा. तिथे ‘आत्मा’च छापलाय. आम्हांला तर हात आखडल्यासारखा वाटतो.

थांबू या इथे. प्रश्न असतील तर घेऊ.